चष्म्याचा नंबर आणि अंगणातले ऊन

जून उजाडतो, शाळा उघडतात, नव्या पुस्तकांना कव्हरे चढतात आणि पंधरा दिवसांत एखाद्या घरी बाईंचा निरोप येतो, 'मुलाला फळ्यावरचे दिसत नाही.' डोळे तपासले जातात, उणे दीडचा चष्मा लागतो आणि घरात खटला उभा राहतो. आजी टीव्हीला दोष देते, वडील मोबाइलवर खापर फोडतात, आईला गाजर आठवते. मुलगी असेल तर 'पुढे लग्नाच्या वेळी कसे होणार?' हा प्रश्न आजही दबक्या आवाजात निघतोच.

या गलक्यात मूळ गोष्ट राहून जाते. बहुतेक मुलांची लघुदृष्टी म्हणजे डोळ्याचा अशक्तपणा नव्हे. डोळा पुढून मागे गरजेपेक्षा लांब वाढलेला असतो. प्रौढ माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. त्यात एका मिलिमीटरची जादा भर पडली तरी नंबर अडीच-तीनाने चढतो. लांबलेला डोळा गाजराने किंवा व्यायामाने आखूड होत नाही.

माझी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे मला हा हिशेब व्याजासारखा दिसतो. खाते जितक्या लहान वयात उघडेल, तितकी अधिक वर्षे वाढ चालणार. नंबर उणे सहाच्या पलीकडे गेला, की दृष्टिपटल सुटणे, काचबिंदू यांसारखे धोके पुढच्या आयुष्यात वाढतात. चष्म्याने नजर स्वच्छ होते, धोका पुसला जात नाही. म्हणून नंबर लागणे लांबवायचे आणि लागलाच तर त्याची चाल मंद करायची.

लांबवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे दिवसाचा उजेड. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटे जास्त बाहेर नेण्याचा प्रयोग झाला. २०१५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत या मुलांपैकी सुमारे ३० टक्के, तर इतरांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना लघुदृष्टी आली. तैवानने २०१० पासून रोज १२० मिनिटे मोकळ्यावर घालवण्याचा कार्यक्रमच शाळांसाठी आखला. मुलाने उन्हात तळपले पाहिजे असे नाही. झाडाच्या सावलीतही वर्गातल्यापेक्षा कितीतरी अधिक उजेड असतो.

चष्मा लागलाच असेल, तर तो पूर्ण नंबराचा द्यावा. 'कमी नंबर द्या, म्हणजे डोळ्यांना सवय लागणार नाही,' असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये. त्याने वाढ थांबत नाही. ॲट्रोपिनचे सौम्य थेंब आणि खास घडणीच्या काचा यांनी अनेक मुलांत नंबराची चाल मंदावते. मात्र थेंब स्वतःच्या मनाने घालायचे नाहीत, आणि तपासणी सहा महिन्यांनी चुकवायची नाही.

आपल्याकडे वर्षाचे आठ महिने स्वच्छ ऊन असते. तरीही मूल शाळेतून रिक्षात, रिक्षातून शिकवणीला आणि अंधार पडल्यावर घरी येते. आज सुटीचा दिवस आहे. आपल्या मुलाचे, नातवंडाचे वेळापत्रक समोर घ्या आणि उजेडातले तास मोजा. दोन भरत नसतील, तर एखादी शिकवणी कमी करण्याचा विचार आजच घरात व्हायला हवा.