झाड एकाचं, वारस अनेक

कॉर्सिका बेटाच्या ईशान्येला कास्तान्यिच्चा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. दुरून पाहिलं तर दाट अरण्य. जवळ गेलं की उतारावर रचलेले दगडी बांध दिसतात, जुनाट खोडांवर कलमाच्या गाठी दिसतात. ही पिढ्यान्‌पिढ्या राखलेली घरोघरची चेस्टनटची बाग आहे. (आपला उपासाचा शिंगाडा तळ्यात पिकतो, त्याचा या झाडाशी संबंध नाही.)

चेस्टनट या बेटावर आधीपासून होतं, पण त्याच्या बागा झाल्या त्या सरकारी हुकमाने. तेव्हा कॉर्सिका जेनोवा या इटलीतल्या नगरराज्याच्या ताब्यात होतं. 1584 मध्ये तिथल्या गव्हर्नराने फर्मान काढलं: प्रत्येक जमीनदाराने आणि कुळाने दरवर्षी चार झाडं लावायची, एक चेस्टनट, एक ऑलिव्ह, एक अंजीर, एक तुती. ऑलिव्ह आणि अंजीर खालच्या उबदार पट्ट्यात रमले. डोंगरातल्या चुनखडी नसलेल्या आंबूस मातीत चेस्टनटने मात्र असं बस्तान बसवलं, की गहू जिथे धड उगवत नव्हता तिथे माणसांची दाट वस्ती झाली. राज्यकर्त्याने प्रजेच्या गळ्यात मारलेली वस्तू प्रजेने इतकी आपलीशी केल्याचं उदाहरण विरळाच.

ही वस्ती चेस्टनटच्या पिठावर जगली, आणि ते पीठ करणं हे घरातल्या सगळ्यांचं काम होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काटेरी बोंडं फुटून फळं खाली पडतात. ती एकेक वेचायची, घरी आणून चुलीवरच्या माळ्यावर पसरायची. माळ्याच्या पट्ट्यांमध्ये फटी ठेवलेल्या असतात. खाली मंद आच, तीन-चार आठवडे धूर वर चढत राहतो. त्याच चुलीभोवती स्वयंपाक, गप्पा, झोप. म्हणजे घर उबेला आणि फळ वाळायला एकच लाकूड. मग वाळलेली फळं पोत्यात घालून आपटायची म्हणजे टरफल सुटतं. पाखडून, निवडून, भट्टीत पुन्हा शेकून ती दगडी जात्यावर जातात. ताज्या फळाच्या वजनाचं निम्मंही पीठ हाती येत नाही. पण ते गोडसर आणि किंचित धुरकट असतं, त्यात ग्लूटेन नसतं, आणि उकळत्या पाण्यात घोटलं की पुलेन्दा तयार होतो. तो घट्ट गोळा कापडावर उलटून दोऱ्याने कापतात. अलेझानीच्या खोऱ्यात लग्नाच्या पंगतीला चेस्टनटचे बावीस पदार्थ लागत, असं सांगतात. बावीस नसतील, पण यजमानाची ऐट त्यावरून कळते.

पुढे आलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांना झाडाच्या जिवावरचं हे जगणंच खुपलं. पास्क्वाले पाओली याच मुलखातल्या मोरोसाल्याचा. 1755 मध्ये त्याने जेनोवाला झुगारणाऱ्या स्वतंत्र कॉर्सिकाचा कारभार हाती घेतला, तेव्हा डोंगरातल्या लोकांना बंदराकडून येणाऱ्या धान्याची फारशी गरज नव्हती. 1769 मध्ये फ्रान्सने बेट जिंकलं आणि दोनच वर्षांनी चेस्टनटच्या नव्या लागवडीवर बंदी घालणारा आदेश निघाला. नांगरट नाही, पेरणी नाही, फळं आपोआप पडतात. असल्या झाडामुळे माणूस आळशी होतो, हा युक्तिवाद. पोत्यावर पोती वेचून, महिनाभर आच सांभाळून एखाद्या अधिकाऱ्याने पीठ केलं असतं, तर त्याला हे लिहिणं जड गेलं असतं.

बागा मोडल्या त्या पुढे, पैशाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चेस्टनटच्या लाकडातून कातडी कमावण्यासाठी टॅनिन काढणारे कारखाने आले. आजोबांनी लावलेलं झाड शंभर वर्षं पीठ देणार होतं. कारखान्याने त्याचे पैसे एकदाच मोजले. त्यातच पहिलं महायुद्ध, मग शहरांची आणि वसाहतींमधल्या नोकऱ्यांची ओढ. वेचायला हात उरले नाहीत. मुळं कुजवणारा काळा रोग आणि सालीवरची बुरशी यांनी आपला वाटा उचलला. 2010 मध्ये चीनकडची एक इवलीशी गांधीलमाशी बेटावर सापडली; ती कळ्यांत अंडी घालते, तिथे गाठ धरते आणि फळधारणा खुंटते. पिठाचं उत्पादन कोसळलं. त्यावर तिचाच नैसर्गिक शत्रू असलेली दुसरी परजीवी माशी सोडण्यात आली, आणि बागा हळूहळू सावरू लागल्या.

पिठाला आता युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. 1996 पासून त्याची बिअरही निघते. म्हणजे गिऱ्हाईक आहे. अडचण आहे ती मालकाची. जमीन एकाची आणि तिच्यावरचं झाड दुसऱ्याचं, हा प्रकार तिथे मान्य होता. कोकणच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. शिवाय 1801 च्या एका आदेशामुळे कॉर्सिकात वारसाची नोंद न केल्याबद्दल दंड उरला नाही, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या वाटण्याच झाल्या नाहीत. एका बागेचे वारस गावात दोन, बाकीचे मार्सेयपासून कुठे कुठे पांगलेले. छाटणी करून जुनी झाडं पुन्हा धरायची म्हटलं तर सगळ्यांची संमती लागायची. 2017 मध्ये फ्रान्सने खास कॉर्सिकासाठी कायदा करून एकमताची अट शिथिल केली, तेव्हा कुठे सही न करणाऱ्या चुलतभावाला वगळून बागेत कुऱ्हाड-करवत नेता येऊ लागली.