मारणारा हात आणि मारविणारी वाणी

‘मी हात उचलला नाही, मी केवळ बोललो’, हा बचाव हल्ल्यानंतर अनेकदा ऐकू येतो. वस्तीवर चालून जाणाऱ्या जमावातील काठी दिसते. तिला चेतविणारी वाणी मात्र पुष्कळदा निसटते. या वाणीची जबाबदारी किती, याविषयी विनयपिटकाची भूमिका आम्ही येथे मांडू इच्छितो.

मनुष्यवधासंबंधीचा नियम म्हणजे तिसरा पाराजिक. तो मोडणारा भिक्खू संघात राहू शकत नाही. वैशाली येथे घालून दिलेल्या मूळ नियमात मृत्यूची स्तुती करण्याचा उल्लेख नव्हता. पुढे छब्बग्गिय भिक्खूंनी एका आजारी उपासकापुढे मरणाचे गुणगान केले. त्याने अपथ्य सेवन केले व तो मरण पावला. कोणीही शस्त्र चालविले नव्हते. तरीही भगवंतांनी नियमाचा विस्तार करून मृत्यूची स्तुती व मृत्यूस प्रवृत्त करणे यांचा त्यात समावेश केला.

विभंगात ‘आणत्ति’, म्हणजे आज्ञा, हिचे सूक्ष्म विवेचन आहे. आज्ञा देणाऱ्यास तेथे ‘मूलट्ठ’, म्हणजे मुळाशी असलेला, म्हटले आहे. एका भिक्खूने दुसऱ्यास ‘अमक्यास मार’ असे सांगताच सांगणाऱ्यास दुक्कट हा लहान दोष लागतो. त्याप्रमाणे वध घडल्यास दोघांनाही पाराजिक. निरोप तिघांचौघांच्या मुखांतून गेला, तरी ठरल्या क्रमाने वध घडल्यास सर्वच दोषी ठरतात. मात्र मारेकऱ्याने सांगितलेल्या व्यक्तीऐवजी दुसऱ्यासच मारले, तर तो दोष मूलट्ठाचा नव्हे, मारेकऱ्याचा.

पश्चात्तापाविषयीचा नियम विशेष मननीय आहे. आज्ञा देणाऱ्यास नंतर पश्चात्ताप झाला, पण त्याने मारेकऱ्यास ‘मारू नको’ असे कळविले नाही, तर वध घडल्यावर तोही पाराजिक होतो. त्याने तसे कळविले आणि मारेकऱ्याने तरीही मारले, तर पाराजिक केवळ मारेकऱ्यास. मनातील हळहळ पुरेशी नाही. जी वाणी चेतविते, तिनेच थांबविले पाहिजे.

एकत्र कृत्याचा विचार दुसऱ्या पाराजिकात येतो. अनेकांनी संगनमत करून एकानेच चोरी केली, तरी दोष सर्वांचा.

विनय हे संघाचे अनुशासन आहे, राज्याचा दंड नव्हे. तथापि आजचा कायदाही याच दिशेने जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४५ नुसार चिथावणी, कट व साहाय्य या तिन्ही मार्गांनी अपप्रेरणा घडते. पाच किंवा अधिक जणांच्या बेकायदेशीर जमावाने समान उद्दिष्टासाठी केलेल्या गुन्ह्यास कलम १९० प्रमाणे त्या जमावातील प्रत्येक जण उत्तरदायी असतो. जात, समुदाय, वैयक्तिक श्रद्धा इत्यादी कारणांवरून अशा समूहाने केलेल्या हत्येस कलम १०३(२) मध्ये मृत्युदंड किंवा जन्मठेप सांगितली आहे. एका बाबतीत कायदा अधिक कठोर आहे: चिथावणीचा संभाव्य परिणाम म्हणून वेगळेच कृत्य घडले, तरी चिथावणारा सुटत नाही.

अत्याचाराची फिर्याद नोंदविताना म्हणूनच काठी कोणाच्या हाती होती, एवढेच सांगून थांबू नये. कोण काय बोलले, हेही नोंदवावे. आणि हाच निकष आपल्या सभांतील व मोर्च्यांतील वाणीलाही लावावा. धम्मपदाच्या दण्डवग्गात मारणे व मारविणे यांचा निषेध जोडीनेच आला आहे. पंचशील ग्रहण करणाऱ्याने त्यातील अर्धाच भाग पाळून चालणार नाही.