मेहमान बोलावताना

रमजानमध्ये इफ्तार झाली, मगरिबची नमाज झाली की घराघरांत फोन वाजू लागतात. परदेशातले दोस्त, नातलग एकमेकांची खबरबात घेतात. बोलता बोलता बेतही ठरतात. ‘ईदनंतर या आमच्याकडे. मे अखेरीस भंडारदऱ्याला काजवे पाहू,’ असे इकडचा दोस्त सहज म्हणून जातो. घोटीहून शेंडीकडे जाणारी वाट, प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, पावसाआधी झाडाझाडांवर लुकलुकणारे काजवे. फोटो पाठवले जातात, तारखा ठरतात. मग तिकडून प्रश्न येतो, ‘व्हिसाचे कसे करायचे?’

दीडशेहून अधिक देशांच्या नागरिकांना भारताचा ई-व्हिसा घरबसल्या मागता येतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी, दोन पाने कोरी हवीत. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आणि पासपोर्टच्या माहितीपानाची प्रत जोडायची, फी ऑनलाइन भरायची. ही फी परत मिळत नाही. म्हणून अर्ज भारत सरकारच्या संकेतस्थळावरच करावा. सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळेही आहेत आणि ती जादा पैसे घेतात. दोस्ताला खरा पत्ता आपणच कळवलेला बरा.

अर्जात भारतातल्या ओळखीच्या व्यक्तीचे नाव, पत्ता, फोन मागितला जातो. तिथे यजमानाचे नाव लागते. नुसता फोन नंबर देऊन त्याची जबाबदारी संपत नाही. अर्ज भरताना त्याने दोस्तासोबत बसावे, निदान फोनवर तरी. नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच स्पेलिंगने लिहायचे. ‘मोहम्मद’ची इंग्रजी स्पेलिंगे चार-पाच तऱ्हेची असतात. पासपोर्टवर एक आणि अर्जात दुसरे, असे झाले की अर्ज अडकतो.

आईवडील किंवा आजीआजोबा पाकिस्तानचे होते का, हाही प्रश्न अर्जात असतो. लंडनला जन्मलेल्या आणि ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या दोस्ताचे आजोबा कराचीचे असतील, तर उत्तर ‘होय’ असेच द्यायला हवे. अशा व्यक्तीला ई-व्हिसा मिळत नाही. तिला भारतीय दूतावासाकडे नेहमीच्या व्हिसाचा अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. ‘कोण पाहतंय, नाही लिहा’ हा सल्ला दोस्तीचा नाही. त्या एका शब्दाने पाहुणा विमानतळावरून परत जाऊ शकतो.

येण्याचे कारणही खरे लिहायचे. पर्यटन व्हिसावर फिरणे, दोस्तांना आणि नातलगांना भेटणे चालते. पगारी काम किंवा धर्मप्रचार चालत नाही. ही रेघ किती महत्त्वाची आहे, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तबलिगी जमातच्या कार्यक्रमाला जाऊन आलेले काही परदेशी नागरिक तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात होते. त्यांनी पर्यटन व्हिसाच्या अटी आणि टाळेबंदीचे आदेश मोडले, असे म्हणून गुन्हे दाखल झाले. आसरा देणारे स्थानिक लोकही त्यात आरोपी झाले. आपला व्हिसा वैध आहे, जिल्ह्यात आल्याची खबर पोलिसांना दिली होती, वाहने आणि लॉज बंद झाल्याने मशिदीत राहावे लागले, असे या पाहुण्यांनी न्यायालयात सांगितले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिक आणि सहा भारतीयांवरचे गुन्हे रद्द केले. धार्मिक स्थळी जाणे, तिथे प्रवचन ऐकणे यावर पर्यटन व्हिसात बंदी नाही, हे निकालात स्पष्ट झाले. पण तोवर मायदेशापासून दूर अडकून पडलेल्या माणसांचे पाच महिने गेले होते. वैध व्हिसा आणि पोलिसांना दिलेली खबर, हाच अशा वेळी पाहुण्याचा आधार असतो.

पाहुणा घरी पोचल्यावर यजमानाचे आणखी एक काम उरते. परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. पूर्वी ती ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखली जात असे. ही नोंद फक्त हॉटेलांनी करायची, असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. घरात दोस्त उतरला तरी ती करायची आणि भंडारदऱ्याच्या होमस्टेवाल्यानेही करायची. डोंगरात नेटवर्क मिळेलच असे नाही, म्हणून शेंडीला निघण्यापूर्वी होमस्टेवाल्याशी बोलून घ्यावे. पासपोर्ट आणि व्हिसाची छापील प्रत पाहुण्याच्या पिशवीत असू द्यावी.

या सगळ्यात दोस्ताच्या पासपोर्टची प्रत आपल्या फोनमध्ये येते. ती अमानत आहे. सायबर कॅफेच्या संगणकावर ती सोडून येऊ नये, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नये. काम झाले की पुसून टाकावी.

व्हिसा द्यायचा की नाही, हे सरकार ठरवते. यजमानाच्या हाती आहे ते अर्जातला शब्द न् शब्द खरा ठेवणे. ‘या’ म्हणायला क्षण पुरतो. त्या शब्दाला जागायचे तर एक संध्याकाळ कागदांसाठी राखून ठेवावी. मग मे अखेरीस भंडारदऱ्याच्या अंधारात दोघे दोस्त निवांत काजवे पाहतील. मोबाइलचा दिवा मात्र बंद ठेवावा, उजेडात काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत.