पाटी दगडाचीच का?

लंडनमधील 'रॅगेड स्कूल म्युझियम' येथे सहलीला आलेली मुले व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या वर्गात बसून दगडी पाटीवर गिरवतात. गरीब मुलांसाठी डॉ. बर्नार्डो यांनी १८७७ मध्ये येथे काढलेली मोफत शाळा १९०८ पर्यंत चालली.

पण पाटी दगडाचीच का? चिकणमातीचे थर भूगर्भातील दाबाने व उष्णतेने बदलून पाटीचा दगड बनतो. त्यातील चपटे कण दाबाशी काटकोनात, एकाच दिशेने लागतात. म्हणून त्याचे पातळ, सपाट तक्ते निघतात. पेन्सिल पाटीहून मऊ असते. घासली की तिची पूड पाटीवर उरते. पुसली की पाटी कोरी! वही न परवडणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली.

मात्र त्या मुलांनी काय लिहिले, हे आज कोणतीच पाटी सांगू शकत नाही.