भिंतींच्या वाटेनं (९) : काढून काढलेलं चित्र

या आठवड्यात मुंबईच्या ससून डॉकच्या गोदामांतल्या भिंतींवर लिहायचं कबूल केलं होतं. ते राहू दे, मासळीचा वास कुठं पळून जात नाही. मध्येच गोव्यातल्या इब्रामपूरहून एका वाचकांचं पत्र आलं आणि मी त्यातच अडकलो. ते लिहितात, "भाऊ, माहीम झालं, कसबा पेठ झाली, पणजी झाली. आमच्या पेडणे महालात भिंती नाहीत का?"

आहेत तर! पुढच्याच रविवारी निघालो. इब्रामपूर पेडण्याच्या पार पूर्वेला, पलीकडे दोडामार्ग. हणखण्याच्या बाजूनं चालत गेलो. म्युरल वगैरे काही नाही. चिऱ्याचे गडगे, त्यांवर पावसाळ्याचं वाळून काळं पडलेलं शेवाळ, गेल्या निवडणुकीतलं अर्धवट पुसलेलं नाव, सिमेंटची जाहिरात. एका अंगणात मात्र तुळशीवृंदावनावर पांढऱ्यात तांबडी वेल दिसली. ऑइलपेंटची. कुणी काढली, म्हणून ओसरीवरच्या आजींना विचारलं. "नातवान," त्या म्हणाल्या, "आदीं काव आसताली."

त्या एका शब्दासाठी चालणं वसूल झालं.

काव म्हणजे लोहाचा अंश असलेली तांबडी माती, गेरूची सख्खी बहीण. तिच्यावरून ही कावी कला, कोकण किनाऱ्याची खास. शिंपले भाजून चुना करायचा, त्यात गूळ आणि नदीची वाळू घालून मिश्रण मुरू द्यायचं, मग कुटायचं. त्याचा गिलावा भिंतीवर ओला असतानाच वर कावेचा थर द्यायचा आणि गुळगुळीत गोट्यानं घोटायचा. मग लोखंडी काट्यानं तांबडं खरवडत जायचं, की खालचा पांढरा चुना रेषा होऊन वर येतो. आपण चित्र 'काढतो' म्हणतो ना? इथं ते शब्दशः काढतात! आणि वेळ थोडा. चुना आवळला की काटा चालत नाही, हात चुकला तर उडालेलं तांबडं परत बसत नाही. पण एकदा जमलं की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत पुन्हा दगड होतो आणि काव त्यातच अडकते. शंभर इंच पावसाला ती दाद देत नाही.

आता जरा लिस्बनला जाऊ. तिथला अलेक्झांड्रे फार्तो, भिंतींवरचं नाव 'व्हिल्स', छिन्नी-हातोड्यानं आणि ड्रिलनं गिलावा फोडून माणसांचे चेहरे काढतो. २००८ साली लंडनच्या कॅन्स फेस्टिव्हलमध्ये ग्राफिटी-चित्रकार बँक्सीच्या सोबतीनं त्याचं काम झळकलं आणि जगभर गवगवा झाला. मला तो आवडतो. पण रंग लावण्याऐवजी भिंत उकरण्याच्या कल्पनेला नवी म्हटलं, की मला पेडण्यातल्याच मोरजीच्या मोरजाईचं देऊळ आठवतं, डिचोलीतल्या अडवलपालची शांतादुर्गा आठवते. दोन्हीकडे कावी आहे. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ मध्ये, देवळं पाडण्याचा जोर ओसरल्यावर. म्हणून इकडे जुन्या भिंती तरी उरल्या.

उरलेल्यांचे वैरी आपणच. कृष्णानंद कामतांनी किनाऱ्यानं हिंडून ही कला नोंदवून ठेवली, पण जीर्णोद्धार म्हटला की आधी चुना खरवडून टाइल्स बसवतात. ऑइलपेंट तर त्याहून वाईट. चुन्याची भिंत आतली ओल बाहेर टाकत असते. वरून तेलाचा थर बसला की ओल कोंडते आणि पापुद्रे धरतात. मग म्हणायचं, जुनी भिंत टिकत नाही हो!

परतताना डिचोलीकडच्या एका जुन्या घरात शिरलो. ओसरीच्या भिंतीवर कावेची कमळं, एकात एक गुंफलेली वर्तुळं. जवळ जाऊन पाकळीवर बोट फिरवलं, तर रेघ बोटाला खाचेसारखी लागली. आणि कमळाच्या बरोब्बर मधोमध एक बारीक भोक. कंपासचा पाय रोवलेला! कुणा कारागिरानं इथं टोक टेकवलं असेल आणि चुना आवळायच्या आत हात गरकन फिरवला असेल.

घरमालकांना ते दाखवलं. जन्म या ओसरीवर गेला, पण हे पाहिलं नव्हतं, म्हणाले. त्यांनीही भोकावर बोट ठेवून पाहिलं. दिवाळीसाठी आणलेला रंगाचा डबा कोपऱ्यात होता, झाकण न उघडलेला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "चहा घेणार ना?"

ससून डॉक पुढच्या वेळी. नक्की.