चुंबक, रक्तातलं लोह आणि आपले गैरसमज

जून २०२१ मध्ये नाशिकची एक चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली. कोविडची लस घेतलेल्या एका ज्येष्ठ नागरिकाच्या छातीला, पाठीला नाणी, चमचे आणि स्टीलच्या ताटल्या चिकटत होत्या. लशीतून अंगात चुंबक गेलं, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे झाले. मग गावोगावी असे ‘चुंबकीय’ काका-मामा निघाले. घामट, तेलकट त्वचेला गुळगुळीत वस्तू चिकटते, हे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी आणि डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. अंगाला पावडर लावली की ताटली घसरून पडते. निकेल असलेल्या चांगल्या प्रतीच्या स्टीलच्या ताटाला तर खरं चुंबकही चिकटत नाही. तेच ताट छातीला चिकटत असेल तर कारण छातीत चुंबक असणं हे नव्हे, एवढा तर्क घरबसल्या करता आला असता. लशीचा डोस अर्धा मिलिलिटर, आणि त्यात चुंबकाला दाद देईल असा कोणताही धातू नाही.

पण या अफवेला खतपाणी मिळालं ते आपल्या एका जुन्या समजातून. चुंबक म्हणजे लोखंड ओढणारी वस्तू, रक्तात लोह असतं, म्हणून चुंबक रक्ताला ओढतं आणि ‘रक्ताभिसरण सुधारतं’. या तीन पायऱ्यांवर चुंबकीय कडी, गाद्या, बुटांतले तळवे आणि चुंबकीय पाण्याच्या बाटल्या यांचा बाजार उभा आहे. पहिल्या दोन पायऱ्या खऱ्या आहेत. तिसरीवर पाय ठेवला की माणूस पडतो.

प्रौढ माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं. त्यातलं बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये असतं, पण कीस किंवा कण या रूपात नाही. लोहाचा एकेक अणू एका मोठ्या रेणूत अडकवलेला असतो. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये रक्ताचे चुंबकीय गुणधर्म मोजले, तेव्हा गमतीशीर गोष्ट हाती लागली. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जात नाही, उलट किंचित दूर ढकललं जातं. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन किंचित ओढलं जातं. दोन्ही परिणाम इतके क्षीण की ते मोजायला नाजूक उपकरण लागतं. एमआरआय यंत्राचं चुंबकक्षेत्र सहसा दीड किंवा तीन टेस्ला असतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या तीस ते साठ हजार पट. रोज असंख्य माणसं त्यात अर्धा-पाऊण तास झोपून चालत घरी जातात. तिथे न ओढलं जाणारं रक्त मनगटावरच्या कड्याने ओढलं जाईल कसं?

टाचदुखीसाठीच्या चुंबकीय तळव्यांची अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये चाचणी झाली होती. १०१ जणांपैकी काहींना खरं चुंबक असलेले तळवे दिले, काहींना हुबेहूब दिसणारे खोटे. २००३ मध्ये निकाल छापून आला: दोन्ही गटांना मिळालेल्या आरामात दखल घ्यावी असा फरक नव्हता. बरं वाटलं ते दोघांनाही! चुंबकत्वाने बरं करण्याच्या दाव्याची पहिली गाजलेली परीक्षा तर १७८४ मधली आहे. फ्रान्झ मेस्मर यांच्या ‘प्राणी-चुंबकत्वा’ची चौकशी करायला फ्रान्सच्या राजाने समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. डोळे बांधलेल्या मुलाला बागेत झाडापाशी नेलं. ‘चुंबकत्व’ देण्यासाठी ज्या झाडाला हात लावलाच नव्हता, त्याच्याजवळ तो बेशुद्ध पडला. समितीने निर्वाळा दिला की परिणाम कल्पनेचा आहे.

पॉलिंगचा तो क्षीण फरक मात्र वाया गेला नाही. १९९० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये काम करणारे सेइजी ओगावा यांनी दाखवलं की रक्तात ऑक्सिजन किती आहे यावर एमआरआयच्या चित्राचा उजळपणा बदलतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त वाढतं आणि चित्रातला तो भाग थोडा उजळतो. हेच एफएमआरआय. वर्तमानपत्रांत ‘प्रेमात पडलेला मेंदू’ अशा मथळ्याखाली जी लाल-पिवळी चित्रं छापून येतात, ती यातूनच.

ती चित्रं म्हणजे विचारांचा फोटो, हा पुढचा गैरसमज. त्यात दिसतं ते रक्त. मेंदूतल्या पेशी क्षणार्धात काम करून मोकळ्या होतात, रक्ताचा प्रतिसाद पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोहोचतो. शिवाय चित्रातले रंग हे आकडेमोडीतून आलेले असतात. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली. हजारो बिंदूंची एकाच वेळी तुलना करताना करायची दुरुस्ती मुद्दाम वगळली, तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ उमटली. दुरुस्ती केल्यावर ती नाहीशी झाली. या प्रयोगाला २०१२ मध्ये इग्नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळालं. खरं तर तो सांख्यिकीच्या प्रत्येक वर्गात शिकवायला हवा.

मेंदूची विद्युत हालचाल थेट चुंबकाच्या अंगाने टिपायची असेल तर वाट उलटी आहे. तिथे यंत्र मेंदूवर चुंबकक्षेत्र सोडत नाही, मेंदूचं स्वतःचं चुंबकक्षेत्र मोजतं. वीज वाहते तिथे चुंबकक्षेत्र असतं, आणि मेंदूच्या पेशी तर विजेवरच चालतात. हजारो पेशी एकाच वेळी, एकाच दिशेने कामाला लागल्या की डोक्याबाहेर साधारण १०० फेम्टोटेस्लाचं क्षेत्र तयार होतं. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा हा सुमारे पन्नास कोटीवा भाग. लिफ्ट, रस्त्यावरून जाणारी बस, खोलीतली वायर, सगळ्यांचा गोंगाट याहून कित्येक पटींनी मोठा.

हृदयाचं क्षेत्र त्यामानाने बलवान, म्हणून आधी तेच सापडलं. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बाउले आणि मॅकफी यांनी तारेचे वीस लाख वेढे असलेलं वेटोळं वापरून ते मोजलं. मेंदूपर्यंत पोहोचायला डेव्हिड कोहेन यांना १९६८ साल उजाडलं, आणि तेव्हाची नोंद अगदी अस्पष्ट होती. पुढे एमआयटीमध्ये त्यांनी बाहेरचं चुंबकत्व अडवणारी खास खोली बांधली, जेम्स झिमरमन यांनी घडवलेला ‘स्क्विड’ हा अतिसंवाहक संवेदक आणला आणि १९७२ मध्ये स्वच्छ नोंद मिळवली. मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी, म्हणजे एमईजी, खऱ्या अर्थाने इथून रुजली.

या तपासणीत डोक्याला काहीही लागत नाही, टोचत नाही. तीनशेच्या आसपास संवेदक असलेल्या मोठ्या शिरस्त्राणात डोकं घालून बसायचं. संवेदक द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेले असतात. डोकं आणि ते यांच्यात जाड उष्णतारोधक भिंत. विचार वाचले जातील ही धास्ती निराधार आहे. कोणता भाग कधी जागा झाला हे हजाराव्या सेकंदापर्यंत कळतं, डोक्यात काय चाललंय ते नव्हे. डॉक्टरांना मात्र एवढंच हवं असतं. औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या अपस्मारात शस्त्रक्रियेआधी झटका नेमका कुठून सुरू होतो हे शोधायला, किंवा गाठ काढताना हाताच्या हालचालीचं केंद्र कुठे आहे हे ठरवायला एमईजी कामी येतं. भारतात बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आणि हरियाणात मानेसरला ही सोय आहे.

अडचण लहान मुलांची. शिरस्त्राण एकाच मापाचं, आणि मूल काही पुतळ्यासारखं बसत नाही. २०१८ मध्ये नॉटिंगहॅम आणि लंडनच्या संशोधकांनी रुबिडियमची वाफ आणि लेसर वापरणारे, हेलियम न लागणारे छोटे संवेदक थेट डोक्यावर बसवले. त्यांच्या प्रयोगातला माणूस मान डोलावत होता, चहा पीत होता, बॅटने चेंडू उडवत होता, आणि मेंदूची नोंद चालूच होती.

‘डोक्याला चुंबक लावून नैराश्य बरं करतात’ हे ऐकल्यावर दोन प्रकारची माणसं भेटतात. एकाला ते कड्यासारखंच थोतांड वाटतं, दुसऱ्याला शॉक ट्रीटमेंट. दोघंही चुकतात. टीएमएस नावाच्या या उपचारात टाळूजवळ तारेचं वेटोळं धरून त्यातून क्षणभर प्रचंड वीज सोडतात. चुंबकक्षेत्र झपाट्याने चढतं-उतरतं, आणि फॅरेडेच्या नियमाप्रमाणे कवटीखालच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या थरात वीज प्रवर्तित होते. सगळं मर्म त्या बदलण्यात आहे. स्थिर चुंबक डोक्यावर दिवसभर बांधून ठेवलं तरी हे घडणार नाही. अँथनी बार्कर यांनी शेफील्डमध्ये १९८५ साली हा प्रयोग दाखवला: वेटोळं डोक्यावर, आणि हलली हाताची बोटं. औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये त्याला मान्यता दिली. भूल लागत नाही, आकडी आणावी लागत नाही. चुकून आकडी येण्याचा धोका आहे, पण तो क्वचित. आठवड्यातले पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावं लागतं, आणि सगळ्यांनाच गुण येतो असं नाही.

मग चुंबकाच्या निव्वळ ओढण्याचा वैद्यकात काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत शल्य, म्हणजे अंगात रुतलेली वस्तू, बाहेर काढण्याच्या पंधरा उपायांमध्ये अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक, आहे. सुश्रुतांनी अटीही घातल्या आहेत: शल्य घट्ट रुतलेलं नसावं, त्याला आकडे नसावेत, जखमेचं तोंड रुंद असावं. ओढण्याच्या मर्यादा त्या काळच्या वैद्याला ठाऊक होत्या.

आजच्या ‘नॅनोकण’ वार्तांकनाला त्या ठाऊक असाव्यात असं वाटत नाही. औषध चिकटवलेले लोह-ऑक्साइडचे कण हातात टोचायचे आणि बाहेरून चुंबक धरून त्यांना गाठीपर्यंत न्यायचं, असं चित्र रंगवलं जातं. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने ओसरते, धमनीतलं रक्त वेगाने वाहतं, आणि बाहेरून आलेल्या कणांपैकी बहुतेक यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. त्वचेजवळच्या गाठींवर प्रयत्न झाले आहेत; पोटात खोलवर हे अजून स्वप्नच आहे.

कणांचा दुसरा उपयोग अधिक भक्कम पायावर आहे: त्यांना न हलवता तापवणं. बर्लिनमध्ये विकसित झालेल्या उपचारात सुमारे १५ नॅनोमीटरचे कण मेंदूच्या गाठीतच टोचतात आणि सेकंदाला एक लाख वेळा दिशा बदलणाऱ्या चुंबकक्षेत्रात रुग्णाला ठेवतात. कण तापतात, गाठीच्या पेशी दुबळ्या पडतात, सोबत किरणोपचार देतात. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग उलटलेल्या ५९ रुग्णांवरच्या चाचणीत, गाठ उलटल्याचं कळल्यापासून अर्धे रुग्ण १३.४ महिन्यांहून अधिक जगले. आकडा उत्साह देणारा, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. किंमतही आहे: दातांतली धातूची भर आधी काढावी लागते, आणि कणांमुळे पुढे मेंदूचा एमआरआय नीट येत नाही. ‘कर्करोगावर रामबाण’ म्हणण्याजोगं हे नाही. आयआयटी मुंबईसह अनेक ठिकाणी अशा कणांवर संशोधन झालं आहे.

फेरुमॉक्सिटॉल हे औषध मात्र प्रत्यक्ष वापरात आहे. तेही लोह-ऑक्साइडचे नॅनोकणच, पण त्यांचं काम साधं: मूत्रपिंडाच्या रुग्णांचा पांडुरोग घालवणं. शरीर ते पचवून लोह वापरतं. आणि ओढण्याचं काम सर्वांत बिनबोभाट चालतं ते प्रयोगशाळेत. कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीत अनेक यंत्रं चुंबकीय मण्यांना विषाणूचा आरएनए चिकटवून, नळीच्या कडेला चुंबक धरून तो वेगळा काढत होती. लशीत चुंबक शोधणाऱ्यांपैकी कित्येकांच्या नाकातल्या नमुन्यावर चुंबक खरोखर चाललं असणार!

शेवटी एमआरआय. त्यात किरणोत्सर्ग होतो हा समज चुकीचा. शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनचं केंद्रक चुंबकक्षेत्रात रेडिओलहरींना प्रतिसाद देतं, त्यावर चित्र बनतं. दीड टेस्लाला या लहरी ६४ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे एफएम रेडिओच्याही खालच्या. दुसरा समज जिवावर बेततो: तपासणी संपली की चुंबक बंद होतं. होत नाही. अतिसंवाहक वेटोळ्यातली वीज रात्री, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीतही फिरत असते. २०१४ मध्ये नवी मुंबईत प्राणवायूचा सिलिंडर यंत्राकडे खेचला गेला आणि दोन कर्मचारी काही तास त्याला अडकून पडले. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णाबरोबर आलेला तरुण सिलिंडर घेऊन खोलीत शिरला आणि मरण पावला. यंत्र बंद असल्याचं त्याला सांगितलं गेलं होतं, असं नातेवाइकांचं म्हणणं होतं.

म्हणून एमआरआयला जाताना पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर यंत्र, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी उडालेला लोखंडाचा कण, सगळं तंत्रज्ञाला आधी सांगा. गुडघ्यातला टायटॅनियमचा सांधा सहसा आड येत नाही, नवे काही पेसमेकरही चालतात, पण ते ठरवू द्यावं त्यांनाच. साडीची सेफ्टी पिन आणि केसांतल्या पिना काढा. सोन्याचं मंगळसूत्र ओढलं जाणार नाही, पण रेडिओलहरींनी धातू तापू शकतो, तेव्हा तेही बाहेरच ठेवा. आणि आत कुणी सिलिंडर, व्हीलचेअर किंवा स्ट्रेचर ढकलत नेताना दिसलं, तर आधी त्याला दारातच थांबवा.