नंबर दुसऱ्याच कोर्टावर ठरतो

सकाळची पहिली मॅच सुरू व्हायच्या आधी चेअर अंपायर मोजपट्टी घेऊन जाळीपाशी येते. मधला पांढरा पट्टा ९१.४ सेंटिमीटरवर आहे का ते बघते, खालचं बकल जरा सैल करते, पुन्हा मोजते. मग एकेरीच्या काठ्या. जाळी दुहेरीच्या रुंदीची असते, त्यामुळे एकेरीच्या मॅचला दोन्ही बाजूंना आतल्या रेषेच्या ९१.४ सेंटिमीटर बाहेर १.०७ मीटर उंचीची एकेक काठी जाळीखाली उभी करावी लागते. ही काठी थोडी आत सरकली तरी रेषेजवळ जाळी उंच होते, आणि रेषेलगत सरळ मारलेला जो फटका सुटून जायला हवा होता तो पट्टीला अडतो. अंपायर काठी हलवून बघते, मागे होते, दुसऱ्या बाजूला जाते. एवढ्या वेळात दोन्ही खेळाडू आपापल्या बाकावर बॅगा उघडून बसलेल्या असतात आणि दोघींच्याही हातात फोन असतो.

सोलापूरला कुमठा नाक्याजवळच्या कोर्टांवर डिसेंबरात महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते, तेव्हा हे सगळं अगदी हाताच्या अंतरावरून बघायला मिळतं. गावात हुरड्याचे बेत सुरू झालेले असतात, गड्ड्याच्या यात्रेला थोडेच दिवस उरलेले असतात, सकाळी स्वेटर लागतो आणि अकरा वाजता तोच स्वेटर खुर्चीच्या पाठीवर जातो. टेनिसचं वर्षही याच सुमाराला संपत असतं. मोठ्या खेळाडू नोव्हेंबरातच सुट्टीवर गेलेल्या असतात. डिसेंबरात ज्या खेळतात, त्यांना अजून गुण हवे असतात.

गुण किती, तर या दर्जाच्या स्पर्धेला डब्ल्यू ३५ म्हणतात आणि विजेतीला ३५ गुण मिळतात. बक्षिसाची एकूण रक्कम ३० हजार डॉलर, तीही एकेरी-दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत वाटली जाणारी. ग्रँड स्लॅम जिंकणारीला २००० गुण मिळतात. आकडे शेजारी ठेवले की सोलापूरची स्पर्धा फार लहान वाटते. पण क्रमवारीत तीनशेच्या, चारशेच्या पुढे असणाऱ्या मुलीच्या खात्यात एकाच आठवड्यात ३५ गुण आले तर ती कितीतरी पायऱ्या वर जाते. मेन ड्रॉमधली पहिलीच मॅच हरली तर मात्र शून्य. प्रवास, हॉटेल, कोचचा खर्च, सगळं करून शून्य.

मला या स्पर्धेत सगळ्यात जास्त ओढ रेफ्रीच्या टेबलाची आहे. मेन ड्रॉ ३२ जणींचा. त्यात बऱ्याचशा क्रमवारीच्या जोरावर थेट येतात, चार वाइल्ड कार्डवर आणि आठ क्वालिफाइंग खेळून. क्वालिफाइंगमध्ये दोन-तीन मॅच जिंकाव्या लागतात आणि एक-एक सेट झाला तर तिसरा सेट नाही, थेट दहा गुणांचा टायब्रेक. तासा-दीड तासाची मेहनत पाच मिनिटांत इकडची तिकडे होते. शेवटच्या फेरीत हरलेल्या मुलीला अजून एक दार उघडं असतं, लकी लूजरचं. मेन ड्रॉमधल्या कुणाचा घोटा मुरगळला, कुणाला ताप आला, तर ती जागा हिला. त्यासाठी रोज सकाळी पहिल्या मॅचच्या आधी येऊन कागदावर सही करायची आणि थांबायचं. पूर्ण कपड्यांत, बूट बांधून, रॅकेटची बॅग पायाशी घेऊन. कोर्टवर बोलावणं येईल की नाही, हे तिच्या खेळावर अवलंबून नसतं. ते ठरतं तिनं कधी पाहिलेल्याही नसलेल्या एखाद्या मुलीच्या प्रकृतीवर.

क्रमवारीची चुरस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जाळीच्या दोन बाजूंना उभे असलेले दोन प्रतिस्पर्धी येतात. कोर्टाकडेला बसून बघताना लक्षात येतं की असं फार थोड्या वेळा घडतं.

हिशोबच तसा आहे. प्रत्येक स्पर्धेचे गुण ५२ आठवडे खात्यात राहतात आणि मग निघून जातात. महिलांच्या एकेरीत सर्वांत चांगल्या १८ स्पर्धांचे गुण धरतात. आपल्याकडच्या माणसाला हे उजनी धरणाच्या पाण्यावरून चटकन कळेल. वरून येवा किती आला एवढं बघून चालत नाही, खाली विसर्ग किती झाला तेही बघावं लागतं, तरच साठा कळतो. गेल्या डिसेंबरात स्पर्धा जिंकलेली मुलगी या डिसेंबरात पुन्हा जिंकली, तर लोक टाळ्या वाजवतात, फोटो निघतात, पण तिच्या साठ्यात काहीच भर पडलेली नसते. आले तेवढेच गेले. उपांत्य फेरीत हरली तर चांगलं खेळूनही ती खाली घसरते. आणि जी मुलगी गेल्या डिसेंबरात दुखापतीमुळे घरी बसली होती, तिचा या आठवड्यातला प्रत्येक गुण नवा असतो.

एका दुपारी शेजारशेजारच्या दोन कोर्टांवर दोन भारतीय मुली खेळत होत्या. एकमेकींशी नव्हे, वेगवेगळ्या परदेशी मुलींशी. दोघींच्या क्रमवारीत मोजक्याच जागांचं अंतर, आणि ड्रॉच्या दोन वेगळ्या टोकांना नावं, म्हणजे भेट झाली तर थेट फायनलला. माझ्या पुढच्या रांगेत त्यातल्या एकीचे वडील बसले होते. डोळे मुलीवर आणि अंगठा फोनवर. टेनिसच्या अंपायरच्या हातात आता टॅबलेट असतो. गुण संपला की ती आधी स्कोअर पुकारते, मग बोटाने नोंद करते, आणि तो आकडा त्याच क्षणी जगभर कुणालाही दिसतो. शेजारचं कोर्ट वीस-पंचवीस पावलांवर होतं, मान वळवली असती तर दिसलं असतं. वडील मान वळवत नव्हते, फोन बघत होते. मुलीने बघितलं असतं तर तिच्याही मनात शेजारचं कोर्ट शिरलं असतं, एवढ्यासाठी.

मुलगी जिंकली. घामाने निथळत बाहेर आली, टॉवेल डोक्यावर घेतला आणि पाण्याची बाटली उघडायच्या आधी विचारलं, “पप्पा, तिचं काय झालं?”

“तिसरा सेट चाललाय. तू आधी पाणी पी.”

“किती?”

“चार-दोन. ती पुढे आहे. बस खाली, बर्फ लाव गुडघ्याला.”

यात हेवा नव्हता. त्याच संध्याकाळी त्या दोघी एकाच टेबलावर जेवत असतील, पुढच्या गावाला जायची गाडीही वाटून घेत असतील. ही सगळी मंडळी वर्षातले कितीतरी आठवडे एकत्र फिरतात, एकमेकींच्या रॅकेटच्या तारा किती पौंडांवर ताणल्या आहेत हेसुद्धा त्यांना पाठ असतं. पण नंबर हा असा प्रकार आहे की मैत्रिणीची मॅचसुद्धा आपल्या हिशोबात धरावी लागते.

वरच्या टोकालाही हेच. २०२५ च्या नोव्हेंबरात पुरुषांची वर्षअखेरची स्पर्धा इटलीत तुरीनला होती आणि वर्षाचा पहिला नंबर कार्लोस अल्काराझचा की यानिक सिनरचा, हा प्रश्न होता. सिनर आदल्या वर्षीचा विजेता, तोही एकही मॅच न हरता, म्हणजे पूर्ण १५०० गुण. ते गुण नवी स्पर्धा सुरू होतानाच खात्यातून गेले आणि आठवड्यापूर्वी मिळवलेला पहिला नंबर चेंडूला हात लागायच्या आत अल्काराझकडे गेला. मग १३ नोव्हेंबरला अल्काराझने गटातल्या मॅचमध्ये लोरेन्झो मुसेट्टीला हरवलं आणि वर्षाचा निकाल तिथंच लागला. सिनर तेव्हा कोर्टवर नव्हताच. हा मुसेट्टीसुद्धा मूळ आठ जणांत नव्हता. नोव्हाक जोकोविचने ऐन वेळी माघार घेतली म्हणून त्याला जागा मिळाली होती, आपल्या लकी लूजरसारखीच. तीन दिवसांनी फायनलमध्ये सिनरने अल्काराझला ७-६, ७-५ असं सरळ दोन सेटमध्ये हरवलं. करंडक सिनरचा, नंबर अल्काराझचा. २०१६ मध्ये लंडनला अँडी मरे आणि जोकोविच फायनलला समोरासमोर आले आणि जो जिंकेल तो वर्षाचा पहिला, असा सरळ सामना झाला. मरे जिंकला. लोकांच्या तो इतका लक्षात राहिला, कारण असं क्वचितच होतं.

आणि सानिया मिर्झाचं उदाहरण तर मला यातलं सर्वांत बोलकं वाटतं. १३ एप्रिल २०१५ ला ती दुहेरीत जगात पहिली झाली. भारतातल्या कुठल्याही महिलेला त्याआधी हे जमलं नव्हतं. २०१६ च्या ऑक्टोबरात सिंगापूरच्या वर्षअखेरच्या स्पर्धेत ती आणि मार्टिना हिंगिस उपांत्य फेरीत एलेना व्हेस्निना आणि एकातेरिना माकारोवा यांच्याकडून हरल्या. पाठलागावर बेथनी मॅटेक-सँड्स होती आणि ती फायनलला पोचली होती. फायनलमध्ये त्याच रशियन जोडीने मॅटेक-सँड्स आणि लुसी शाफार्झोव्हाला हरवलं, आणि वर्ष संपताना सानिया पहिलीच राहिली. जिने आदल्या दिवशी घरी पाठवलं, तिनेच दुसऱ्या दिवशी नंबर राखला.

खरी गंमत पुढे आहे. २०१७ च्या जानेवारीत ब्रिस्बेनला सानिया खेळली ती याच मॅटेक-सँड्सबरोबर, जोडीने. दोघी जिंकल्या. पण सानियाने आदल्या वर्षीही ब्रिस्बेन जिंकलेलं होतं, त्यामुळे तिचे आले तेवढेच गेले. मॅटेक-सँड्सचे मात्र वाढले. करंडक दोघींनी मिळून उचलला आणि सोमवारच्या यादीत सानियाचा ९१ आठवड्यांचा पहिला नंबर जोडीदारणीकडे गेला. त्या फायनलला सानिया मन लावून खेळली आणि जिंकली. असं खेळता येणं मला कुठल्याही नंबरापेक्षा मोठं वाटतं.

सानियाच्या त्या पहिल्या नंबरात सोलापूर जिल्ह्याचाही वाटा आहे, म्हणजे तो नंबर आपल्या एका मुलीच्या कामी आला. रिओ ऑलिंपिकला दुहेरीत पहिल्या दहात असलेल्या खेळाडूला थेट प्रवेश होता आणि सोबत आपल्या देशातली जोडीदार घेता येत होती. सानियाबरोबर गेली बार्शीची प्रार्थना ठोंबरे. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत या दोघींनी कांस्यपदक मिळवलेलं होतंच. प्रार्थनाचा स्वतःचा नंबर तेव्हा दोनशेच्या आसपास, आणि तो तिने कुमठा नाक्यावर भरते तसल्याच लहान लहान स्पर्धांतून जमवलेला. रिओत पहिल्याच फेरीत समोर चीनच्या पेंग श्वाई आणि झांग श्वाई आल्या. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा ७-५ असा घेतला, तिसरा ५-७ असा निसटला. हरल्या, पण स्कोअर वाचला की कळतं किती थोडक्यात. बार्शीसारख्या गावातून टेनिस खेळत ऑलिंपिकच्या कोर्टापर्यंत जाणं म्हणजे काय, हे आपल्या भागात अजून पुरेसं बोललं गेलेलं नाही.

म्हणून मला अशी स्पर्धा आपल्या गावात होण्याचं मोल फार वाटतं. एरवी हे गुण मिळवायला मुलींना ट्युनिशिया, थायलंड, तुर्कस्तान असं फिरावं लागतं. व्हिसा, विमानाचं भाडं, एकटीनं राहणं. दोन-तीन आठवडे सलग महाराष्ट्रातच स्पर्धा मिळाल्या तर एखाद्या मुलीचं वर्ष वाचतं. वाइल्ड कार्ड मिळालेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी पहिल्या फेरीत ६-१, ६-२ अशी हरते, तेव्हा गुण शून्य मिळतात, पण सव्वा तासात तिला कळतं की या पातळीवर चेंडू किती जड येतो. कोर्टाकडेचे बॉल किड्सही इथल्याच शाळांतले. आपसात कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये, कुणी तेलुगूत बोलतं, आणि गुण संपला की गुडघ्यावर बसून चेंडू सरळ रेषेत घरंगळत पलीकडे देतात. त्यातल्या एका पोरीला मी विचारलं, खेळतेस का? म्हणाली, “खेळते की! बॅकहँड जमंना अजून.”

फायनलला सोलापूरकर गर्दी करतात. पाहुणे येतात, भाषणं होतात, पेपरात फोटो येतो. मी सांगेन, एखादा दिवस क्वालिफाइंगला काढा. सकाळी लवकर या, टोपी आणि पाणी आणा, कारण साडेअकरानंतर कोर्टवरून झळा येतात. एका गुणानंतर पुढच्या सर्व्हिसला पंचवीस सेकंद असतात, बाजू बदलताना नव्वद. त्या नव्वद सेकंदांत दोघींकडे बघा. एक केळं खाते, एक तोंडावर टॉवेल धरून बसते. अंपायर “टाइम” म्हणते तेव्हा आधी कोण उठतं ते बघा. आणि बाहेर पडताना रेफ्रीच्या टेबलाजवळच्या बाकावर बॅग पायाशी घेऊन बसलेली मुलगी दिसली, तर तिला एवढंच विचारा की आज बोलावणं आलं का.